कायचे शंभर?

ही हकिगत मी बरीच वर्षं टाळली. कधी तब्येतीचं निमित्त केलं, कधी आता जुनं उकरून काय मिळणार असं मनाला सांगितलं. पण खरं म्हणजे टाळण्यात माझी सोय होती. गावात मला मान आहे. त्या मानातला मोठा वाटा वच्छलाबाईंमुळे मिळालेला आहे, आणि त्यावर माझा काडीचा हक्क नाही. भाद्रपदात त्या गेल्या. सकाळचा चहा समोर होता तेव्हा त्यांच्या सुनेचा, इंदूचा फोन आला. "सर, आत्याबाई उठल्याच नाईत…" एवढंच ती बोलली. मी तसाच निघालो. अंगणात माणसं जमली होती, आत बाया रडत होत्या, आभाळ भरून आलं होतं, आणि मी दगडी उखळापाशी जाऊन उभा राहिलो. जो तो येऊन माझंच सांत्वन करू लागला. "सर, तुमची विद्यार्थिनी गेली." "गनिताची गोडी तुमीच लावली होती तिले." दहाव्याला तर कुणीतरी चार शब्द बोलताना म्हणालं, की धन्य ते गुरू. मी मान खाली घालून ऐकत राहिलो. लोकांना ते दुःख वाटलं.

तर आता सरळच लिहितो. मी वच्छलाला गणित शिकवलं नाही. मी तिला गणितातून काढलं.

आमचं गाव शेलूबाजारहून आत, जीपच्या रस्त्यावर. मी शाळेत लागलो तेव्हा पंचविशीच्या आत होतो, आणि नव्या मास्तराला असतो तेवढा सगळा ताठा अंगात होता. त्या काळी वरच्या वर्गात मुलींना गणिताऐवजी गृहशास्त्र घेता येई आणि बहुतेकजणी तेच घेत. माझ्या वर्गात गणिताला दोनच मुली होत्या. त्यातली एक वच्छला. उंच, सावळी, शेवटच्या बाकावर भिंतीला टेकून बसणारी. औटकी, म्हणजे साडेतीनचा पाढा, तिला वडिलांनी शिकवला होता आणि ती तो घडाघडा म्हणे. मला स्वतःला तो अडखळत येई. एके दिवशी मी शेकडेवारी शिकवत होतो. मुलांना कळेल असं उदाहरण म्हणून फळ्यावर लिहिलं, पस्तीस टक्के म्हणजे पास. वच्छला उभी राहिली.

"सर, पस्तीस कायचे?"

"कायचे म्हणजे? शंभरातले पस्तीस."

"पन शंभर कायचे? पेपरातले का पुस्तकातले? जे पेपरात इचारलंच नाई, थे पोट्ट्याले येते का नाई हे कोन मोजते?"

वर्ग हसला. तिला हसला की मला, हे मला कळेना, आणि तेच मला सहन झालं नाही. आज वाटतं, सगळ्या शेकडेवारीचं मूळ त्या पोरीनं एका दमात धरलं होतं. मूठभर पाहून पोत्याबद्दल बोलायचं असेल तर मूठ कुठून भरली ते आधी सांगावं लागतं. निवडणुकीचे अंदाज, औषधांच्या चाचण्या, टीव्हीवरचे सर्वे, सगळ्यांना हाच प्रश्न विचारावा लागतो. पण मला तेव्हा उत्तर येत नव्हतं. मी म्हणालो, "तू भाकरी किती टक्के फुगली ते मोजत जा. उद्यापासून गृहशास्त्राच्या वर्गात बस." आणि हजेरीतून तिचं नाव तिकडे लावूनही टाकलं.

दोन-चार दिवसांनी तिचे वडील शाळेत आले. टोपी हातात घेऊन दारातच उभे राहिले. "सर, पोट्टी जेवून नाई राह्यली. ठेवा न तिले गनितात. कारंज्याले सायन्सले पाठोतो म्हनून कबूल केलं म्या तिले." त्या काळात स्वतःच्या पोरीला सायन्सला पाठवू म्हणणारा बाप आमच्या पंचक्रोशीत दुसरा नव्हता. मी खुर्चीतून न उठता म्हणालो, "तिच्या डोक्यात गणित बसत नाही हो." ते एकदा माझ्याकडे पाहून टोपी घालून निघून गेले. ते वाक्य खोटं आहे हे बोलतानाच मला ठाऊक होतं. तिच्या डोक्यात गणित बसलं होतं. माझ्या डोक्यात तिचा प्रश्न बसत नव्हता.

पुढे वच्छलाचं लग्न गावातल्या गावात झालं. शेती, मुलं, नवऱ्याचं आजारपण आणि जाणं, सगळं तिनं निभावलं. वाटेत भेटली की पदर सावरून "नमस्कार सर" म्हणायची. मी निवृत्त झालो. आणि मग गावात घरोघर मोबाईल आले, त्यात हवामान आलं, आणि हवामानात टक्के आले.

इथं आमच्या लोकांनी एक गंमत केली. फोनमध्ये 'पावसाची शक्यता ४०%' असं दिसलं की पारावर एकच गलका. "चाळीस? मंग पास झाला नं बे! पानी पक्कं!" आणि तीस असेल तर, "नापास हाय, येत नाई." शाळेनं जन्मभराचा एकच टक्का डोक्यात ठोकलेला, पस्तीस. त्याच्या वर सगळं होणार, त्याच्या खाली काहीच होणार नाही! सोयाबीन सोंगायला, म्हणजे कापायला, आलं की पस्तिशीच्या वर आकडा दिसताच सारं गाव विळे ठेवून बसे. शेंगा उभ्या तडकत. कधी आकडा नापास होई, सगळे एकदम सोंगत, आणि पाणी यायचं ते येईच. मग फोनला शिव्या. दत्ताचं थ्रेशर गावात एकच, तो तर म्हणायचा, "फोनपरीस माहा बैल बरा, कान हालोला की पानी येते."

अशाच एका सोंगणीच्या दिवसांत वच्छला माझ्या ओसरीवर आली. साठी उलटलेली, हातात नातवाचा जुना फोन. माझ्यासमोर धरून म्हणाली, "सर, हे चाळीस टक्के पानी म्हनजे काय वो?"

"शंभरातले चाळीस," मी म्हणालो.

"थे तं झालं. पन शंभर कायचे? थेंब? एकर? चाळीस एकरात पडन अन् साठ एकर कोल्डे रायतीन?"

तोच प्रश्न… त्याच आवाजात, इतक्या वर्षांनी. तिला तो दिवस आठवत होता की नाही हे तिच्या चेहऱ्यावरून कळेना. आणि पुन्हा मला उत्तर आलं नाही. जन्मभर शेकडेवारी शिकवली, पण ही गणितं मी गिरवून घेतली होती, कधी आभाळाकडे पाहून केली नव्हती. "पाहून सांगतो," म्हणालो आणि सांगितलं काहीच नाही.

आठवडाभरानं तीच आली, चेहरा लखलखत होता. "सर, घावलं! शंभर दिवस. असे शंभर दिवस, ज्या दिवशी फोन चाळीस म्हन्ते. त्यातल्या चाळीस दिवशी पानी येईन, साठ दिवशी नाई येनार. एका दिवसाचं थो काईच सांगत नाई, दिवसाईच्या कळपाचं सांगते!" जवळच्या शेळ्यांकडे बोट दाखवून म्हणाली, "यातली कोनती शेळी उद्या लंगडन थे नाई सांगता येत, पन दोन लंगडतीन हे सांगता येते नं? तसंच."

हे तिला कुणी सांगितलं नव्हतं. सरकी काढता काढता, भांडी घासता घासता तिनं ते स्वतः शोधलं होतं. शक्यता म्हणजे काय याची इतकी नेमकी व्याख्या मी एकाही वर्गात दिली नव्हती.

पण तिला नुसतं समजून भागणार नव्हतं. "फोन खरं बोलते का, हे पाहाले पाह्यजे," म्हणाली. तिनं काचेच्या बरण्या जमवल्या, इंदूच्या गुलाबी नेलपॉलिशनं त्यांवर दहा, वीस, तीस असे नव्वदपर्यंत आकडे रंगवले आणि ओसरीच्या फळीवर ओळीनं मांडल्या. सकाळी फोन जो आकडा म्हणेल त्या बरणीत दुसऱ्या दिवशी एक चिंचोका पडे. पाऊस आला असेल तर अख्खा काळा, नसेल आला तर फोडलेला, पांढऱ्या पोटाचा. आता पाऊस आला म्हणजे किती आला? चार थेंबांचा पाऊस धरायचा का? यावर सासू-सुनांचं दोन दिवस भांडण झालं. शेवटी वच्छलानं निकाल दिला, "उखळात बोट बुडलं तं पानी आलं. नाई बुडलं तं नाई आलं." रोज सकाळी अंगणातलं उखळ फडक्यानं कोरडं करायचं आणि दुसऱ्या सकाळी त्यात बोटाचं टोक घालून पाहायचं. मी शास्त्राच्या पुस्तकांत व्याख्येचं महत्त्व वाचलं होतं. इथं ते अंगणात, दगडात कोरलेलं पाहिलं.

गावानं टिंगल केली. दत्ता जाता-येता ओरडे, "काकू, चिचोके भाजून खा, गनित पचन!" ती उलट ओरडे, "तू आधी दहावीचं गनित पचोव, तिसऱ्यांदा बसला होता नं?" सोंगणीच्या वेळी एकदा फोन वीस म्हणाला. वच्छलानं आपलं सोयाबीन सोंगलं, आणि त्याच दुपारी धो धो पाऊस आला. सगळा ढीग भिजला. दत्ताला पर्वणीच. पारावरची पाच-सहा माणसं घेऊन तो तिच्या अंगणात आला. मीही गंमत पाहायला मागोमाग गेलो, हेही कबूल करतो. "काय काकू, नापास पानी आलं नं?" वच्छलानं सगळ्यांदेखत उखळात बोट बुडवलं, भिजलेल्या पदरानंच ओसरीवर चढली, डब्यातून एक काळा चिंचोका काढला आणि विसाच्या बरणीत टाकला. बरणी दत्ताच्या नाकासमोर धरली. "पाह्य. सारे पांढरे हायेत का? हे काळे कायचे? विसाच्या बरनीत काळे रायतेतच, बाप्पा. आज माह्या वाट्याले आला. फोन खोटा नाई अन् मीबी खोटी नाई." आणि ती हसली. खळखळून हसली… सोयाबीन भिजलेली बाई! दत्ता बरणीकडे पाहत राहिला. मी परत निघालो तेव्हा माझ्या लक्षात आलं, की मी कधीच चुकल्यावर असं हसू शकलो नव्हतो. चूक झाली की मी कुणालातरी वर्गाबाहेर काढत आलो होतो.

दोन-तीन पावसाळ्यांत बरण्या बोलू लागल्या. खालच्या आकड्यांना फोन बराचसा खरा होता. वरच्या आकड्यांना जरा फुशारकी मारत होता. सत्तर म्हणायचा तेव्हा आमच्या गावात जेमतेम निम्म्या दिवशी उखळ ओलं व्हायचं. चाळीसच्या बरणीत पांढरेच जास्त होते, हे वच्छलानं बचतगटातल्या बायांना बरणी हातात देऊन दाखवलं. मोजायलाही लावलं नाही. काच होती, दिसत होतं. "चाळीस म्हनजे पास नोहे व माय. सोंगा, पन ताडपत्री धुऱ्यावर, हाताशी ठेवा. साठ-सत्तर दिसलं तं इळा हाती घेऊ नोका. अन् दहा असलं तरी निजू नोका." एका वर्षी फोन सलग चार दिवस चाळीस दाखवत राहिला. गाव 'पास' म्हणून बसून होतं. गटातल्या बायांनी ताडपत्र्या जवळ घेऊन सोंगलं आणि दत्ताच्या मागे लागून मळून काढूनही घेतलं. मग आकडा उतरला, बाकीच्यांनी एकदम सोंगलं, आणि पाऊस त्यांच्यावर आला. बायांनी वच्छलाला खांद्यावर घ्यायचंच बाकी ठेवलं होतं. तीच त्यांना रागावली, "येडेपना करू नोका. हे एक वरीस होय. पुढच्या साली उलटं झालं तं मले शिव्या द्यान. माह्याकडे नोका पाहू, बरनीकडे पाहा." तरी त्यानंतर सोंगणी आली की दत्ता स्वतः तिच्या ओसरीवर येऊ लागला. थ्रेशर कुणाच्या वावरात आधी न्यायचं हे बरण्या पाहून ठरू लागलं. 'पास' आणि 'नापास' हे शब्द पावसाबाबतीत गावातून निघूनच गेले. पारावर म्हातारी माणसं म्हणू लागली, "आज तीसची बरनी हाय, इचार करून घ्या."

आणि तिचा प्रश्न तर म्हणच होऊन बसला. दुकानावर 'पन्नास टक्के सूट' दिसली की गावातल्या बाया दुकानदाराला विचारत, "कायचे शंभर? आधीचा भाव लेह्यलेला दाखोव." बियाण्याच्या पिशवीवर उगवणीचे टक्के असत, गटानं शंभर दाणे ओल्या गोणपाटात घालून स्वतः मोजायला सुरुवात केली. टीव्हीवर कुणी आकडा फेकला की एखादी आजी भाकरी थापता थापता म्हणे, "हो, पन कायचे?"

मग गावानं तिचा सत्कार केला. मंडप, माईक, पाहुणे. पाहुण्यांनी कौतुकानं विचारलं, "बाई, हे गणित तुम्हाला कुणी शिकवलं?" वच्छलानं समोर बसलेल्या माझ्याकडे क्षणभर पाहिलं आणि म्हणाली, "मी सरांच्या वर्गात होती." शब्द न् शब्द खरा होता. पण टाळ्या कडकडल्या, कुणीतरी मला हाताला धरून वर नेलं, आणि शाल माझ्या खांद्यावर पडली. माईक माझ्या तोंडासमोर होता. नाही म्हणायला एक वाक्य पुरलं असतं… मी म्हणालो, "शिष्यानं गुरूच्या पुढे जावं, यातच गुरूचा आनंद." खाली उतरताना वच्छला जवळून गेली आणि हळूच म्हणाली, "शाल उबदार हाय का, सर?" तिला सगळं आठवत होतं. तिच्या आवाजात राग असता तर मला सोपं गेलं असतं. राग नव्हता. शाळेतल्या मैत्रिणीनं चिमटा काढावा तसं होतं ते.

नंतर तिच्या पोटाचं दुखणं निघालं, साखरेचा आजार तर आधीपासून होताच. इंदूच्या सांगण्यावरून मी अकोल्याला बरोबर गेलो. डॉक्टर तरुण, भले गृहस्थ. म्हणाले, "आजी, काळजी करू नका. हे ऑपरेशन नव्वद टक्के यशस्वी होतं."

"नव्वद कायचे, डाक्टरसाहेब?"

"म्हणजे शंभर पेशंटपैकी नव्वद बरे होतात."

"थे शंभर कोन? माह्यावानी म्हाताऱ्या, साखरवाल्या बाया, का तरनेताठे पोट्टेबी त्यातच मोजले?"

डॉक्टरांनी पेन खाली ठेवलं. खुर्ची पुढे ओढली. म्हणाले, "फक्त तुमच्यासारखे घेतले तर… सत्तर धरा, आजी."

"हे बरोबर बोलले. करा आप्रेशन." बाहेर बाकावर बसल्यावर तिनं माझ्या हातावर थाप मारली. "सर, डाक्टरचं फोनवानीच हाय, मोठ्या आकड्यात जरा फुगवते. पन सत्तरच्या बरनीत मी हात घालाले तयार हाय. पांढरा निंघाला तं निंघाला." काळा निघाला. ती घरी आली आणि पुढचे दोन पावसाळे उखळात बोट घालत राहिली. शेवटी गेली ती झोपेतच, पोटाचा काही संबंध नव्हता.

त्या दोन पावसाळ्यांत मी माफी मागायला अनेकदा गेलो. वाक्य घरून पाठ करून जायचो. ओसरीवर पाऊल ठेवलं की ती डबा पुढे करायची, "बरे आले सर. काल पन्नास म्हने, अन् बोट तं कोल्डं. टाका एक पांढरा." मी चिंचोका टाकायचो, चहा प्यायचो, परत यायचो. उद्या सांगू म्हणायचो. आपल्याला कायम एका दिवसाचीच खात्री वाटते. दिवसांच्या कळपाचा हिशेब तिला कळला होता, मला नाही.

परवा तिच्या घरी गेलो होतो. सोंगणी सुरू आहे. दत्ता ओसरीवर बसून तीसची बरणी न्याहाळत होता, दोन बाया ताडपत्रीची घडी घालत होत्या. इंदूनं बरण्या पुसून ठेवल्या आहेत, रोजचा चिंचोका चुकवत नाही. मला पाहून म्हणाली, "सर, एक दिवस राह्यला. आत्याबाई गेल्या थ्या दिवसाचा. फोनमंदी साठ होतं, मले याद हाय. पन उखळात बोट बुडे एवढं पानी आलं का नाई, कोनालेच सांगता येऊन नाई राह्यलं. रिकामाच सोडू का?"

मला सांगता येत होतं. त्या दिवशी तिला नेलं तेव्हा पावसाची एक सर पडून गेली होती. सगळे स्मशानातून परतत होते, हातांचं काय करावं सुचत नव्हतं, आणि मी उखळापाशी उभा राहून नकळत त्यात बोट घातलं होतं. टोक बुडालं होतं. इंदूनं माझ्या हातात काळा चिंचोका दिला. मी साठच्या बरणीचं झाकण उघडलं. चिंचोका आत पडल्याचा टक् असा आवाज झाला. गुलाबी रंगातला तिच्या हातचा आकडा एका कडेनं खरवडला गेला आहे. झाकण हातात धरून मी तिथंच उभा राहिलो, आणि दोन पावसाळे पाठ केलेलं वाक्य ओठांपर्यंत आलं. वच्छला, त्या दिवशी वर्गात तुझा प्रश्न बरोबर होता. उत्तर मला येत नव्हतं…